काचेतल्या शिरा आणि सूर्यातल्या रेघा: जोसेफ फ्राउनहोफरची गोष्ट

दुपारच्या कडक उन्हात एखाद्या झाडाखाली उभे राहा. फोन वर धरा, फांद्यांमधून दिसणाऱ्या आकाशाचा फोटो काढा आणि दोन बोटांनी झूम करा. काळ्या फांद्यांच्या कडेला बारीकशी जांभळी किनार दिसते का? साध्या फोनवर बऱ्याचदा दिसते. महागड्या फोनवर कमी दिसते, कारण तिथलं सॉफ्टवेअर ती गुपचूप पुसून टाकतं. फोन बिघडलाय असं समजू नका. भिंगातून जाताना लाल प्रकाश थोडा कमी वळतो आणि निळा-जांभळा थोडा जास्त वळतो. सगळे रंग एकाच जागी येऊन मिळत नाहीत, म्हणून कडेला रंग सांडल्यासारखा दिसतो.

दोनशे वर्षांपूर्वी दुर्बिणी बनवणाऱ्यांना याच किनारीने हैराण केलं होतं. त्यांच्याकडे सॉफ्टवेअर नव्हतं. होती फक्त काच, आणि तीही वाईट. ती काच सुधारण्याच्या नादात जर्मनीतल्या बव्हेरियामधल्या एका अनाथ कारागीर पोराने सूर्याच्या प्रकाशात असं काही पाहिलं, की ताऱ्यांमध्ये काय आहे हे पृथ्वीवर बसून सांगता येऊ लागलं. त्याचं नाव जोसेफ फ्राउनहोफर. नाव ओळखीचं वाटत असेल तर ते MP३ मुळे. ज्या जर्मन संशोधन संस्थेत एमपी३ वर मोठं काम झालं, तिला याचंच नाव दिलंय. पण त्याने स्वतः गाण्याबिण्यावर काही काम केलं नाही. त्याचं सगळं आयुष्य काचेत गेलं.

ढिगाऱ्याखालचा मुलगा

६ मार्च १७८७ ला श्ट्राउबिंग या गावात त्याचा जन्म झाला. वडील काच कापून बसवणारे कारागीर. घरात पोरं भरपूर, जोसेफ अकरावा. तो दहा वर्षांचा असताना आई गेली आणि पुढच्याच वर्षी वडील. पालकांनी त्याला म्युनिकला एका आरसे बनवणाऱ्या कारागिराकडे शिकाऊ म्हणून ठेवलं. तेव्हा काम शिकायचं तर उस्तादाला फी द्यावी लागे. जोसेफकडे पैसे नव्हते, म्हणून सहा वर्षं बिनपगारी राबायचं असा करार झाला. काच घासायची, पॉलिश करायची, घरातली कामंही करायची. पोराला शिकायची हौस होती, पण मालकाला पुस्तकं आणि रविवारची शाळा ही थेरं वाटत.

२१ जुलै १८०१. मालकाचं ते जुनं घर कोसळलं. मालकाची बायको त्यात गेली. चौदा वर्षांचा जोसेफ आत अडकला होता आणि त्याला काढायला काही तास लागले. ही बातमी शहरभर झाली आणि बव्हेरियाचा शासक मॅक्सिमिलियन जोसेफ स्वतः तिथे आला. पोरगं जिवंत बाहेर निघालं तेव्हा त्याने त्याला १८ डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, बक्षीस दिली. त्याच गर्दीत योसेफ उट्झश्नायडर नावाचा एक वजनदार सरकारी माणूस आणि उद्योजक होता. त्याने या मुलाची चौकशी केली आणि त्याला गणिताची व प्रकाशशास्त्राची पुस्तकं मिळवून दिली.

सिनेमात इथे लगेच पुढचा सीन प्रयोगशाळेचा असता. तसं झालं नाही. जोसेफने त्या पैशांतून काच घासायचं एक यंत्र घेतलं, शिकाऊपणाचा उरलेला काळ पैसे भरून सोडवून घेतला आणि व्हिजिटिंग कार्डं कोरून द्यायचा धंदा सुरू केला. तो चालला नाही. शेवटी पोट भरायला तो त्याच जुन्या मालकाकडे परत कामाला गेला. रात्री मात्र पुस्तकं चालूच होती. १८०६ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याला उट्झश्नायडरच्या भागीदारीतल्या उपकरणांच्या कारखान्यात नोकरी मिळाली.

काच एवढी अवघड का?

हे नेपोलियनच्या लढायांचे दिवस. प्रत्येक राज्याला नकाशे हवे होते, सैन्यासाठीही आणि जमिनीचा सारा ठरवण्यासाठीही. नकाशाला मोजणी हवी, मोजणीला थिओडोलाइट हवा, आणि थिओडोलाइटच्या छोट्या दुर्बिणीला चांगलं भिंग हवं. चांगली काच इंग्लंडहून यायची, ती नेपोलियनने इंग्लंडशी व्यापार बंद केल्यावर मिळणं मुश्किल झालं. म्हणून उट्झश्नायडरने ठरवलं, काच आपणच वितळवायची. आल्प्सच्या पायथ्याशी बेनेडिक्टबॉयर्न इथे सरकारने बंद केलेला एक जुना मठ होता. तो त्याने विकत घेतला आणि तिथे भट्टी लावली.

आता थोडं काचेबद्दल, कारण यापुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. रंगीत किनार घालवायची युक्ती तोपर्यंत माहीत झाली होती. एका भिंगाऐवजी दोन वेगळ्या काचांची भिंगं जोडायची. एक साध्या क्राउन काचेचं, मध्ये फुगीर. दुसरं फ्लिंट काचेचं, मध्ये खोलगट. फ्लिंटमध्ये शिसं असतं आणि ती रंगांना जास्त फाकवते. पहिल्याने रंग फाकवले की दुसरं ते उलट्या बाजूने ओढून जवळ आणतं.

घोळ या शिशानेच केला होता. वितळलेल्या काचेत ते जड असल्याने खाली बसतं. वरची काच हलकी आणि खालची जड होते, मधल्या भागात दोन्ही अर्धवट मिसळलेल्या राहतात. लिंबू सरबतात साखर टाकून न ढवळता ग्लास उजेडात धरून बघा. तळाशी पारदर्शक पण वळवळणाऱ्या लहरी दिसतील. काचेत त्याच लहरी गोठून बसायच्या. खिडकीला अशी काच चालते. दुर्बिणीत तिच्यामुळे एका ताऱ्याचे दहा धुरकट ठिपके होतात. म्हणून फ्लिंटचा चांगला तुकडा मिळायचा तो तळहाताएवढा, आणि तोही नशिबाने.

सोपा उपाय म्हणजे ढवळा! पण कशाने? ती काच पाण्यासारखी नसते, घट्ट पाकासारखी असते आणि भट्टीत पांढरी तापलेली असते. लोखंडी सळई घातली तर काचेला लोखंडाचा रंग चढतो. लाकूड जळून जातं. याचं उत्तर पिएर लुई गिनां या स्विस कारागिराने शोधलं होतं, घरच्या भट्टीत अनेक वर्षं फसत फसत. भट्टीच्या मुशीला जी आगमाती लागते, तिचाच भाजलेला दांडा करायचा आणि त्याने काच हळूहळू ढवळत राहायची. उट्झश्नायडरने या गिनांला पगार देऊन बेनेडिक्टबॉयर्नला आणलं.

मग तरुण फ्राउनहोफरला सांगण्यात आलं, म्हाताऱ्याकडून भट्टी शिकून घे. गिनां साठीला आलेला. आयुष्यभराची एकच कमाई, ते गुपित, ते एका विशीतल्या पोराच्या हवाली करायचं? दोघांचं पटलं नाही. १८११ मध्ये भट्टीचा कारभार फ्राउनहोफरकडे गेला आणि १८१४ मध्ये गिनां स्वित्झर्लंडला परतला. काच दुसरीकडे बनवणार नाही या अटीवर त्याला पेन्शन ठरली. मला विचाराल तर या गोष्टीत सर्वात जास्त अन्याय या माणसावर झालाय. ढवळण्याची युक्ती त्याची, आणि मराठीत तर सोडाच, इंग्रजी पुस्तकांतही त्याचं नाव शोधावं लागतं.

फ्राउनहोफरने त्यात जे घातलं ते वेगळं होतं. गिनां हाताच्या अंदाजाने काम करायचा, हा मोजून करायचा. मुशीच्या वरून आणि तळातून काचेचे नमुने घ्यायचे, दोन्हींचे लोलक घासायचे आणि प्रकाश सारखाच वळतो का बघायचं. वळला नाही तर पुढच्या वेळी मिश्रण, आच, ढवळणं, थंड करण्याचा वेग यातलं काहीतरी बदलायचं. फोनचं नवं व्हर्जन टेस्ट करतात तसंच, फक्त एका टेस्टला आठवडे लागायचे.

फूटपट्टी हवी होती

आणि इथेच अडलं. लाल प्रकाश या काचेत किती वळतो, हे मोजायचं म्हणजे नेमका कुठला लाल? इंद्रधनुष्याकडे बघा. लाल कुठे संपतो आणि नारिंगी कुठे सुरू होतो यावर दोन माणसांचं एकमत होणार नाही. खुणा नसलेल्या फूटपट्टीने लांबी मोजण्यासारखं ते होतं. भिंगाचं गणित दशांश चिन्हापुढे चार-पाच आकडे मागत होतं आणि मोजणारा म्हणत होता, साधारण पिवळ्याच्या आसपास.

फ्राउनहोफरला खूण आधी दिव्यात सापडली. दिव्याच्या ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहिला तर पिवळ्या-नारिंगी भागात एक झगझगीत रेघ नेहमी एकाच जागी दिसायची. छान, पण एकाच खुणेने भागत नव्हतं. सूर्यप्रकाशातही तशीच रेघ असेल का, हे बघायला त्याने खोलीत अंधार केला. खिडकीच्या झडपेत एक अरुंद फट ठेवली, तिच्यापासून सुमारे २४ फुटांवर स्वतःच्या काचेचा लोलक ठेवला आणि लोलकामागे थिओडोलाइटची दुर्बीण. हे १८१४ च्या सुमाराचं.

झगझगीत रेघ दिसली नाही. दिसल्या त्या काळ्या उभ्या रेघा. एक नाही, दोन नाही, अगणित. काही ठळक, काही केसासारख्या बारीक. सूर्याच्या अखंड वाटणाऱ्या रंगपट्ट्यात जागोजागी प्रकाश गायबच होता. काही रेघा १८०२ मध्ये इंग्लंडच्या विल्यम वॉलस्टनलाही दिसल्या होत्या, पण त्याने त्यांना फारसं महत्त्व दिलं नाही. आणि त्याच्या लोलकातून दिसून दिसून किती दिसणार होतं? इथे मुद्दा काचेचा आहे. लहरी असलेल्या काचेतून या बारीक रेघा एकमेकींत फिसकटून जातात. त्या दिसायला आधी निर्दोष काच बनवावी लागली, आणि ती काच तेव्हा जवळजवळ एकाच भट्टीत बनत होती.

आपल्या उपकरणातच काही खोट आहे का, हे त्याने उलटसुलट तपासलं. फट कमी-जास्त केली, लोलक बदलले. रेघा जागच्या हलल्या नाहीत. मग शुक्राचा प्रकाश पाहिला, त्यात सूर्यासारख्याच रेघा. बरोबरच आहे, शुक्र सूर्याचाच प्रकाश परत पाठवतो. व्याधाचा तारा पाहिला, तिथे रेघा वेगळ्या! म्हणजे रेघा काचेतल्या नाहीत आणि बहुतेक रेघा आपल्या हवेतल्याही नाहीत, त्या प्रकाशासोबत तिथूनच येतायत. त्याने ५०० पेक्षा जास्त रेघा मोजल्या आणि त्यांचा नकाशा काढला. ठळक रेघांना लाल टोकापासून ए, बी, सी, डी अशी एचपर्यंत अक्षरं दिली. दिव्यातली ती झगझगीत पिवळी रेघ सूर्यातल्या काळ्या डीच्या अगदी जागेवर येते, हेही त्याने नोंदवलं.

आणि मग त्याने काय केलं? फूटपट्टी मिळाली म्हणून खूश होऊन काच मोजायला बसला. रेघा कशामुळे आहेत हे शोधायला आपल्याला सवड नाही, जाणत्यांनी इकडे लक्ष द्यावं, अशा अर्थाचं लिहून तो पुढच्या लोलकाकडे वळला. त्याच्या प्रबंधाचं शीर्षकसुद्धा काचांचं वक्रीभवन आणि दुर्बिणी सुधारणं याबद्दल आहे, सूर्याबद्दल नाही.

दार बंद

१८१७ मध्ये म्युनिकच्या विज्ञान अकादमीत त्याला घ्यायचं की नाही यावर वाद झाला. काही सदस्यांचं म्हणणं, हा तर कारागीर, विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही. शेवटी त्याला घेतलं, पण आधी फक्त पत्रव्यवहारी सदस्य म्हणून. पुढे मान मिळाले, एर्लांगन विद्यापीठाची मानद डॉक्टरेट, अकादमीच्या भौतिकशास्त्र संग्रहाची जबाबदारी आणि १८२४ मध्ये नावाआधी 'फॉन' लावायचा हक्क देणारा सरदारी किताब.

त्याच्या बाजूनेही एक दार बंद होतं. प्रबंधात प्रत्येक काचेला नंबर आहे, फ्लिंट नंबर १३, क्राउन नंबर ९ वगैरे, आणि प्रत्येकीचे आकडे सहा दशांशांपर्यंत दिलेत. ती काच बनवायची कशी, यावर मात्र एक ओळ नाही. पाहुण्या शास्त्रज्ञांना तो रेघा हौसेने दाखवायचा, पण भट्टीचं गुपित कुणाला मिळालं नाही. ते गुपित कंपनीचं होतं आणि पोट त्यावर होतं, हे खरं. पण ज्या मुलाला पुस्तक उघडू दिलं जात नव्हतं, त्यानेच मोठेपणी भट्टीचं दार लावून घ्यावं, हे वाचताना जरा टोचतं.

कारखाना १८१९ मध्ये म्युनिकला हलला. तिथे त्याने लोलकाशिवाय रंग वेगळे करण्याचा मार्ग धरला. आधी अतिशय बारीक तारा एकमेकींशेजारी ताणून, मग काचेवर हिऱ्याच्या टोकाने समांतर चरे मारून त्याने जाळी तयार केली. चऱ्यांमधलं अंतर माहीत असेल तर प्रकाश किती वळला यावरून त्याची तरंगलांबी थेट काढता येते. घरात जुनी सीडी असेल तर उन्हात तिरपी धरा. तिच्यावर चमकणारे रंग याच तत्त्वाने दिसतात. आता डी ही नुसती खूण राहिली नाही, तिला आकडा मिळाला.

आणि दुर्बिणी! १८२४ मध्ये त्याने डॉरपाटच्या वेधशाळेला (आजचं एस्टोनियातलं टार्टू) सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण पाठवली. असल्या दुर्बिणींत ती तेव्हा जगातली सर्वात मोठी होती. पृथ्वी फिरते तशी ती घड्याळाच्या यंत्रणेने आपोआप ताऱ्यामागे फिरायची. विल्हेल्म स्ट्रूव्हने तिच्यातून एक लाखाहून जास्त तारे तपासून तीन हजारांवर जोडतारे नोंदवले. बर्लिनला गेलेल्या तशाच एका दुर्बिणीतून १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. क्योनिग्सबर्गसाठी सुरू केलेल्या उपकरणाने १८३८ मध्ये फ्रीडरिश बेसेलने ६१ सिग्नी या ताऱ्याचं अंतर मोजलं. यातलं नेपच्यून आणि तारा काही बघायला फ्राउनहोफर नव्हता. ७ जून १८२६ ला क्षयाने तो गेला, वय अवघं ३९. भट्टीची धग आणि शिशाच्या वाफा यांनी तब्येत आधीच पोखरली असावी, असं बरेच जण मानतात.

रेघांचं पुढे काय झालं

उत्तर मिळायला १८५९ उजाडलं. गुस्टाव किर्शहॉफ आणि रॉबर्ट बुन्सेन यांनी दाखवलं, की प्रत्येक मूलद्रव्य तापलं की ठराविक जागीच रेघा सोडतं आणि तेच मूलद्रव्य वायूरूपात प्रकाशाच्या वाटेत आलं तर नेमक्या त्याच रेघा खाऊन टाकतं. डी म्हणजे सोडियम. गॅसच्या ज्योतीवर चिमूटभर मीठ पडलं की ती पिवळी होते ना, तोच रंग. सी आणि एफ म्हणजे हायड्रोजन. फ्राउनहोफरचा काच मोजायचा नकाशा सूर्याच्या घटकांची यादी निघाला.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण आपल्या कोकणावरून गुंटूरकडे गेलं. त्यावेळी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत एक पिवळी रेघ दिसली. आधी ती डीच वाटली, पण नीट मोजल्यावर जरा बाजूला निघाली. तो हेलियम होता. विजयदुर्गावर आजही साहेबाचे कट्टे दाखवतात आणि हेलियम इथेच सापडला असं सांगतात. सावली तिथून गेली हे खरं, पण ज्या नॉर्मन लॉकयरचं नाव घेतात, त्याने ती रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली होती. ग्रहणात गुंटूरला होता तो फ्रान्सचा ज्यूल जान्सेन. काही असो, ती रेघ डीपासून 'जरा बाजूला' आहे हे कळलं, कारण डी कुठे आहे हे फ्राउनहोफरने ठरवून ठेवलं होतं.

काचेचं गुपित मात्र इतक्या सहज सुटलं नाही. इंग्लंडने ते शोधायच्या कामाला थेट मायकेल फॅरडेला बसवलं. त्याने काही वर्षं भट्टीत घालवली, १८२९ मध्ये त्यावर सविस्तर व्याख्यान दिलं, पण बव्हेरियाच्या तोडीची काच काही बाजारात आली नाही. (त्यातलाच एक जड काचेचा तुकडा त्याला १८४५ मध्ये चुंबकाचा प्रकाशावर परिणाम दाखवायला उपयोगी पडला, ते वेगळं.) शेवटी दार उघडलं ते दुसऱ्याच बाजूने. गिनांच्या मुलाने बापाची पद्धत फ्रान्समध्ये जॉर्ज बोंटां याला दिली आणि १८४८ मध्ये बोंटां ती घेऊन बर्मिंगहॅमच्या चान्स ब्रदर्सकडे गेला. पेन्शनच्या अटीत बांधलेल्या त्या म्हाताऱ्याचा मातीचा दांडा असा युरोपभर पोचला.

१८८० च्या दशकात येना इथे ऑटो शॉट आणि अर्न्स्ट आबे यांनी बोरॉन, बेरियम वगैरे घालून काचेचे नवे प्रकार आणले आणि ते सरळ छापील यादीतून विकायला काढले. एखादी काच रंग किती फाकवते हे सांगायला आबेने एक आकडा ठरवला, त्याला आजही आबे नंबर म्हणतात. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात बहुतेक भिंगं आता प्लास्टिकची असतात, एकावर एक पाच-सहा. तरी त्या प्लास्टिकचाही आबे नंबर बघूनच डिझाइन होतं, कारण जांभळी किनार तिथेही घालवायचीच असते. तो नंबर काढायला पदार्थाचं वक्रीभवन तीन ठरलेल्या रंगांवर मोजतात. मधला रंग हेलियमच्या त्या पिवळ्या रेघेचा. बाकीच्या दोघांची नावं डेटाशीटवर अजूनही सी आणि एफ अशीच छापलेली असतात.